फडताळापासून साइडबोर्डपर्यंत

जेवणघरात शिरणाऱ्या पाहुण्याची दृष्टी प्रथम मेजाकडे जाते. भिंतीला पाठ लावून उभे असलेले बुटके, रुंद कपाट त्याच्या लक्षात येतेच असे नाही. वास्तविक मेजावरचे निम्मे काम या कपाटाच्या आधारावर चालते. ताटे, वाट्या व फुलपात्री त्यात असतात, लोणच्या-मुरंब्यांच्या बरण्या त्यात असतात, आणि दुसऱ्या वाढपासाठी आणलेली भात-आमटीची पातेली त्याच्या माथ्यावर विसावतात. इंग्रजीत या कपाटाला 'साइडबोर्ड' म्हणतात. मराठी घरांनी वस्तूबरोबर तिचे नावही स्वीकारले आहे.

शहरोशहरी जुनी घरे पाडून त्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. अशा वेळी आजोबांच्या काळातील साइडबोर्डचे काय करावयाचे, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे येतो. कोणी तो जळाऊ लाकडाच्या भावाने देऊन मोकळा होतो, तर कोणी 'जुना' म्हणून दाखविलेला साइडबोर्ड दुकानातून मोठी किंमत देऊन घरी आणतो. दोन्ही व्यवहारांत फसगत होण्याचा संभव असतो. ती टाळावयाची, तर ही वस्तू कशासाठी निर्माण झाली, आपल्या घरात कशी आली आणि ती पारखावी कशी, हे समजून घेणे अवश्य आहे.

तात्यापाऱ्याचे उदाहरण

रायपूर शहरातील तात्यापारा ही वस्ती आपण उदाहरणादाखल घेऊ. छत्तीसगढमध्ये मोहल्ल्याला 'पारा' म्हणतात. बूढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा ही सर्व त्याच घडणीची नावे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपुरावर चालून गेली आणि त्यानंतर या प्रदेशावर भोसल्यांचा अंमल बसला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तरी मराठी माणसांची ये-जा थांबली नाही. कारण पुढे नागपूर हीच मध्य प्रांताची राजधानी झाली आणि रायपूर १९५६ पर्यंत त्याच राजधानीच्या कारभाराखाली राहिले. अंमलदार, वकील, शिक्षक अशी अनेक मराठी कुटुंबे रायपुरात स्थायिक झाली व तात्यापारा हा त्यांच्या वस्तीचा एक प्रमुख भाग म्हणून ओळखला गेला.

या वस्तीतील घराबाहेरची भाषा हिंदी व छत्तीसगढी, आणि घरातली मराठी. कपाटाला 'अलमारी' म्हणण्याची सवयही अशीच शेजारातून आलेली. पण हा शब्द मूळचा हिंदीही नव्हे. पोर्तुगीजांच्या 'आर्मारिओ'वरून तो भारतीय भाषांत रुळला. उलट 'कपाट' हा शब्द शुद्ध संस्कृत असून त्याचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. कपाटासारख्या साध्या वस्तूच्या नावांतही निरनिराळ्या देशांचा वावर असा दिसून येतो.

शारदा चौक ते तात्यापारा चौक या रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न गेली अनेक वर्षे चर्चेत राहिला आहे. रस्ते रुंद होतात, वाटण्या होतात, मुले परगावी नोकरीस जातात. कारण कोणतेही असो, जुने घर सोडण्याची वेळ आली की पहिला घाला अवजड लाकडी सामानावर येतो. आणि अशाच घरात चार निरनिराळ्या काळांतील चार कपाटे एकत्र आढळण्याचा संभव असतो : भिंतीतील फडताळ, जाळीचे दुभत्याचे कपाट, सागवानी साइडबोर्ड आणि अगदी अलीकडचे प्लायवुडचे कपाट. या चारांचा क्रम लावला, म्हणजे आपल्या जेवणपद्धतीचा इतिहास समोर उभा राहतो.

पंगतीच्या काळातील कपाटे

फडताळ हे आपले मूळचे कपाट. मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंतीत खण सोडून त्याला लाकडी चौकट व झडपा बसवीत. त्यासाठी वेगळी जागा लागत नसे आणि ते हलविताही येत नसे. घासूनपुसून लखलखीत केलेली तांब्या-पितळेची भांडी मांडणीवर ओळीने लागत. दूध-दही मांजराच्या तावडीतून सुटावे म्हणून आढ्याला शिंकाळे टांगीत. पुढे शिंकाळ्याचे काम दुभत्याच्या कपाटाने उचलले. त्याच्या दारांना बारीक तारेची जाळी असे, म्हणजे आत हवा खेळावी व माशी मात्र शिरू नये. त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवीत, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होई. शीतकपाट घरोघरी येण्यापूर्वी उन्हाळ्यात दूध टिकविण्याचा हाच मार्ग होता.

ही सर्व कपाटे स्वयंपाकघरात किंवा माजघरात असत. जेथे पंगत बसे, तेथे अन्न ठेवण्याची सोय नसे व ती असावी असे कोणास वाटतही नसे. सोवळ्याओवळ्याचा व उष्ट्या-खरकट्याचा विचार कडक होता. शिजविलेले अन्न स्वयंपाकघराच्या मर्यादेत राही, जेवणारे पाटावर बसत आणि या दोहोंमधील अंतर वाढणारी आपल्या पायांनी भरून काढी. भात, वरण, पुन्हा भात, भाजी, पुन्हा पोळी, मग ताक. पुरुषांची व मुलांची पंगत उठल्यावर घरातील स्त्रिया जेवायला बसत. निवालेले अन्न त्यांच्या वाट्याला येई आणि एखादा पदार्थ संपलेलाही असे.

विसाव्या शतकात शहरी मराठी घरांत मेज-खुर्ची आली. सोवळे सैल झाले व स्त्री-पुरुष एकत्र जेवू लागले. पण अन्न स्वयंपाकघरातच राहिले, तेथे नव्या मेजाने फारसे काही बदलले नाही. पंगतीची उंची तेवढी वाढली, वाढणारीच्या फेऱ्या पूर्वीइतक्याच राहिल्या. आपल्या घरात आजही जेवणाच्या वेळी एक माणूस सतत उठत असेल, तर त्याचे कारण बहुधा येथेच सापडेल. साइडबोर्डचा खरा उपयोग आहे तो हाच : अन्न जेवणाऱ्यांच्या हाताशी आणून ठेवणे, म्हणजे वाढणाऱ्यालाही ताट घेऊन बसता येईल.

युरोपातील घडण

युरोपात या वस्तूचा आरंभ अगदी साध्या फळीपासून झाला. 'कपबोर्ड' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पेले मांडण्याची फळी असा आहे. श्रीमंतांच्या घरी चांदीची भांडी अशा फळ्यांवर मांडून ठेवीत. त्यात सोय होती, तसे वैभवाचे प्रदर्शनही होते. इटलीत या कपाटास 'क्रेडेन्झा' म्हणतात. क्रेडेन्झा म्हणजे विश्वास. धन्याच्या ताटात विष नाही याची खात्री पटावी म्हणून सेवकाने अन्न आधी चाखावयाचे, असा रिवाज होता. त्या रिवाजाचे नाव पुढे कपाटाला चिकटले.

आज ज्याला आपण साइडबोर्ड म्हणतो, त्याची घडण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाली. रॉबर्ट अॅडम या वास्तुशिल्पकाराने भिंतीलगतच्या मेजाच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र चौथरे व त्यांवर कलश अशी रचना रूढ केली. यांपैकी काही चौथऱ्यांत थाळ्या गरम ठेवण्याची सोय असे, तर काही कलशांत पेले धुण्यासाठी पाणी असे. पुढे मेज व चौथरे यांचे एकच कपाट झाले. जॉर्ज हेपलव्हाइट याचे नमुन्यांचे पुस्तक १७८८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. थॉमस शेरेटन याचे पुस्तक १७९१ पासून भागाभागाने निघाले. या दोन पुस्तकांतील बारीक पायांचे, सौम्य वळणाच्या दर्शनी भागाचे साइडबोर्ड दूरदूरच्या सुतारांनी नमुना म्हणून वापरले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मात्र साइडबोर्ड जड झाला. त्याला मागे उंच आरसा आला, फळाफुलांचे खोल कोरीवकाम आले. नंतर विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमधील कारागिरांनी कोरीवकाम पार काढून टाकले. त्यांनी सागवानाचे लांब, बुटके व सरकत्या दारांचे साइडबोर्ड केले. लाकडाच्या नैसर्गिक रेषा हीच त्यांची शोभा. आजच्या दुकानांतील बरेचसे नमुने याच घराण्यातले आहेत.

आपणा सर्वांच्या परिचयाचा आणखी एक शब्द या कपाटातून निघाला आहे. फ्रेंच भाषेत साइडबोर्डला 'बुफे' म्हणतात. त्याच्या माथ्यावर अन्न मांडून ठेवावयाचे व ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावयाचे, या पद्धतीला कपाटाचेच नाव पडले. आपल्या लग्नसमारंभांतून बुफे सर्वत्र पोहोचला. ज्या कपाटावरून त्याला नाव मिळाले, ते मात्र विस्मृतीत गेले.

आपल्याकडे कसा आला

भारतात हे सामान प्रथम इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून दिसू लागले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेले मेज, खुर्च्या व कपाटे घडविली आणि त्यांची कीर्ती परदेशांत पोहोचली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास आला व १८९१ मध्ये रायपूरवरून जाणारा नागपूर-आसनसोल मार्ग पुरा झाला, तेव्हा असे अवजड सामान दूरच्या जिल्ह्यांतही नेणे सुकर झाले. बदली झाली अथवा सेवानिवृत्ती आली, म्हणजे गोरा अधिकारी घरातील सामानाचा लिलाव करून जाई. अशा लिलावांतून काही साइडबोर्ड देशी घरांत आले. त्याहून कितीतरी अधिक मात्र गावच्या सुतारांनी पाहून पाहून केले.

हे स्थानिक साइडबोर्ड कमी प्रतीचे समजू नयेत. विलायती नमुन्यात त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे बदल केले. एखाद्याच्या एका बाजूला जाळीचे दार असते, म्हणजे तो खण दुभत्याचा. एखाद्याचा खण मुद्दाम उंच ठेवलेला असतो, कारण त्यात मोठी बरणी राहावयाची असते. छत्तीसगढच्या रानांत सागवान, साल व बीजा ही लाकडे मुबलक. साल हा या राज्याचा राज्यवृक्ष. त्याचे लाकूड सागवानापेक्षा जड असून तुळयांना उत्तम, पण वाळताना ते फाटते व मुरडते. म्हणून कपाटाला सागवान अधिक मानवते. बीजा म्हणजे आपला बिबळा. त्याचे लाकूड पाण्यात ठेवले असता पाणी रंगते, यावरून तो ओळखता येतो. जुन्या साइडबोर्डवर जी तांबूस चकाकी दिसते, ती लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने पुटावर पुट चढवीत हे पॉलिश करतात. पळस, बोर व कुसुम या वृक्षांवर ही लाख होते आणि लाखेच्या उत्पादनात छत्तीसगढचे स्थान झारखंडच्या खालोखाल आहे.

जुना कोणता, जुन्यासारखा कोणता

बाजारात 'अँटिक' व 'व्हिंटेज' हे दोन शब्द सैलपणे वापरले जातात. 'अँटिक' म्हणजे पुराण वस्तू. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेली ऐतिहासिक अथवा कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते व ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. 'व्हिंटेज' या शब्दाला अशी कायद्याची व्याख्या नाही. शंभर वर्षे न झालेली, पण एखाद्या विशिष्ट कालखंडाची छाप उघड बाळगणारी वस्तू असा त्याचा व्यापारातील अर्थ. १९३० ते १९७० च्या दरम्यानचे आपल्या घरांतील बहुतेक साइडबोर्ड या वर्गात मोडतात.

साइडबोर्ड पारखताना दर्शनी बाजूवर जाऊ नये. एक खण बाहेर ओढावा व त्याचा कोपरा पाहावा. दोन फळ्या कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या दात्यांनी एकमेकींत गुंतविलेल्या असतील, तर काम चांगल्या कारागिराचे. हे दाते लहानमोठे व किंचित वाकडेतिकडे असतील, तर ते हाताने कापलेले; सर्व एकसारखे असतील, तर यंत्राचे. मग खणाची खालची कड पाहावी. अनेक वर्षांच्या ओढाताणीने ती झिजलेली असली पाहिजे. बाहेरून जुनाट व आतून कोरा करकरीत दिसणारा खण संशयास्पद समजावा.

त्यानंतर कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी. पाठीला रुंद फळ्या आहेत की प्लायवुड? प्लायवुड असल्यास ते एकोणिसाव्या शतकातील असण्याचा संभव जवळजवळ नाही. करवतीच्या खुणा सरळ असतील, तर लाकूड हाताने चिरलेले. कमानीसारख्या असतील, तर चक्राकार करवतीने. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीचा नव्हे. मात्र एक-दोन स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतील असू शकतात, म्हणून एकाच पुराव्यावर निर्णय देऊ नये. पाच-सहा खुणा एकाच काळाकडे बोट दाखवू लागल्या, म्हणजे निर्णयास बळकटी येते.

विकण्याची घाई करू नये

चंदीगढ शहरातील एक घटना येथे सांगण्याजोगी आहे. ल कॉर्ब्युझिए व त्याचा सहकारी पिएर झानरे यांच्या देखरेखीखाली हे शहर उभे राहत असता, १९५० नंतरच्या काळात, तेथील कचेऱ्या व विद्यापीठ यांसाठी सागवानाचे साधे, मजबूत सामान बनविण्यात आले. काही दशकांनी ते जुनाट ठरले व मोडीत निघाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात उचलले आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्याच खुर्च्या-मेजांना लाखो रुपये आले. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला हे सामान जपण्याविषयी आदेश काढावा लागला. आपल्या घरातील साइडबोर्डला असा भाव येईल, असे कोणी समजू नये. पण वस्तू डोळ्यांआड होण्यापूर्वी तिची किंमत जाणून घ्यावी, एवढा बोध यातून अवश्य घ्यावा.

रोजच्या वापरातील वस्तूंचेही मोल असते, हे आपल्याकडे एका माणसाने फार पूर्वी ओळखले होते. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दारे अशा हजारो वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या व १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' या नावाने तो आज प्रसिद्ध आहे.

आपणास संग्रहालय काढावयाचे नाही. पण जुने घर सोडण्यापूर्वी इतके करणे कोणालाही शक्य आहे. साइडबोर्डची समोरून, पाठीमागून व खण उघडून छायाचित्रे घ्यावीत. लांबी, रुंदी व उंची लिहून ठेवावी. घरातील वृद्धांना विचारून तो कोणाच्या काळी आला, कोणत्या लाकडाचा आहे, सुतार गावचा होता की बाहेरचा, हे एका कागदावर उतरवून तो कागद खणाच्या आत डकवावा. विकावयाचाच झाला, तर दोन-तीन जाणकारांना दाखवून मगच विकावा. आणि वाटणीत आरसा एकाला, खालचे कपाट दुसऱ्याला अशी विभागणी करू नये. त्याने दोघांच्याही हाती काही राहत नाही.

जुन्याची निगा

सागवानाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. पण बुंध्याच्या सालीलगतचे पांढुरके लाकूड वापरले असल्यास त्याला ते संरक्षण नसते. लाकडाला बारीक छिद्रे दिसली व त्यांखाली पिठासारखा ताजा भुसा पडू लागला, तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. जुनी, कोरडी छिद्रे केवळ पूर्वीच्या उपद्रवाची खूण असतात. कीड असल्यास जाणकाराकडून उपाय करवून घ्यावा. जेथे अन्न किंवा भांडी ठेवावयाची, त्या खणात मात्र कीटकनाशक कदापि फवारू नये.

रायपूर, नागपूर यांसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात हवा भट्टीसारखी कोरडी, तर पावसाळ्यात दमट असते. त्यामुळे लाकूड आकसते व फुगते. पावसाळ्यात खण घट्ट झाला म्हणून लगेच रंधा मारू नये. थंडीत तोच खण खडखडू लागेल. खणाच्या कडेला मेणबत्तीचे मेण घासले, तर बहुधा काम भागते. साइडबोर्ड उन्हाच्या झोतात किंवा ओल आलेल्या भिंतीला चिकटवून ठेवू नये.

लाखेचे पॉलिश उष्णतेने मऊ पडते. गरम पातेले त्यावर टेकले की पांढरा वळसा उठतो. त्यासाठी लाकडी तबक अथवा जाड कापडाची घडी नेहमी हाताशी असावी. पॉलिश मळले म्हणून ते खरवडून लाकूड उघडे करण्याचा मोह टाळावा. काळाने चढलेली ती गडद झाक एकदा गेली, म्हणजे पुन्हा आणता येत नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि वर्षातून एकदोनदा मेणाचा पातळ हात द्यावा, एवढे पुरे.

दुभत्याचे कपाट आजही वापरात असेल, तर पायांखालच्या वाट्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून, वाट्या घासून पुन्हा भरावे. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

नवा करवून घेताना

प्रत्येकाच्या घरी जुना साइडबोर्ड असणार नाही व प्रत्येकाला तो परवडणारही नाही. नव्यात कमीपणा काही नाही. मात्र माप आपल्या भांड्यांचे असावे. विलायती थाळी दहा-अकरा इंच व्यासाची असते, आपले ताट बारा-तेरा इंचांचे. म्हणून कपाटाची आतील खोली किमान १५ इंच ठेवावी, नाहीतर दार लागणार नाही. उंची ३४ ते ३६ इंच असली, म्हणजे उभ्याने वाढून घेणे सोपे जाते. समोर दार उघडून माणूस उभा राहील एवढी, सुमारे तीन फूट, मोकळी जागा हवी. ती नसेल, तर सरकती दारे करावीत. दोन खोल्यांच्या घरात तीन फूट लांबीचा साइडबोर्डही पुरेसा होतो.

प्लायवुड वापरावयाचे असल्यास भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहून घ्यावी. सर्वसाधारण प्लायवुडसाठी आय. एस. ३०३ व पाण्यात टिकणाऱ्या मरिन प्लायवुडसाठी आय. एस. ७१० ही मानके आहेत. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेले तक्ते स्वस्त पडतात, पण त्यांच्या उघड्या कडेतून पाणी शिरले की ते फुगतात व पूर्ववत होत नाहीत. ओली भांडी येणार असतील तेथे ते टाळावेत. पितळी व पोलादी भांड्यांचे वजन पुष्कळ असते, म्हणून आतील फळी अडीच फुटांहून लांब असल्यास मध्ये आधार द्यावा. लहान मुले असलेल्या घरी आरसा अथवा मांडणी जोडलेले उंच कपाट भिंतीला पक्के जखडावे. मुले खण ओढून त्यावर चढतात व कपाट अंगावर येण्याचा धोका असतो.

वाढणाऱ्याचे ताट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साइडबोर्ड शंभर वर्षांचा असो, आजोबांच्या काळचा असो की मागील महिन्यात सुताराने करून दिलेला असो, त्याच्या माथ्यावर आपण काय ठेवतो? पुष्कळ घरांत तेथे काचेच्या बाहुल्या, स्मृतिचिन्हे, जुनी वर्तमानपत्रे व बंद पडलेले घड्याळ असते. आणि त्याच्यासमोर बसलेल्या कुटुंबाला वाढण्यासाठी एकजण स्वयंपाकघरात खेपा घालीत असतो. शिसवी कोरीवकामाचे असले, तरी असे कपाट आपले काम करीत नाही. उलट वीटभट्टीवरच्या मजुराच्या घरातील साधी मांडणीदेखील, जेवणाची भांडी हाताशी ठेवीत असेल, तर आपले काम चोख बजावीत असते.

तेव्हा वाचकहो, एक आठवडा हा प्रयोग करून पाहावा. साइडबोर्डचा माथा रिकामा करावा. रात्रीच्या जेवणापूर्वी भात, पोळ्यांचा डबा, आमटी, भाजी, ताक, मीठ व पाण्याचा तांब्या त्यावर मांडावा, पळ्या व झारे जवळ ठेवावेत. मुलांनी आपापली ताटे आपणच खणातून काढावीत. मग घरातील सर्वांनी एकाच वेळी बसावे, आणि ज्याला जे लागेल ते त्याने उठून घ्यावे. पहिले दोन दिवस थोडी सांडलवंड होईल. वाढण्याची सवय असलेल्या गृहिणीचे हात राहवणार नाहीत, ती अर्ध्या जेवणातून उठू पाहील. तिला बसवून घ्यावे. आठवडा संपल्यावर तिला विचारावे, की गरम भात जेवायला मिळाला का.